जीपीयूवर सिम्युलेशन नेताना या चुका टाळा

महागडे ग्राफिक्स कार्ड (जीपीयू) बसवूनही प्रोग्राम पूर्वीपेक्षा हळू चालतो, अशी तक्रार घेऊन विद्यार्थी माझ्याकडे येतात. त्यांचा कोड उघडला की बहुतेक वेळा दोष एकाच जागी सापडतो, तो म्हणजे काळ पायरी-पायरीने पुढे नेणाऱ्या लूपच्या आत. एका विद्यार्थ्याने तापलेल्या धातूच्या पत्र्यावर उष्णता कशी पसरते याचे सिम्युलेशन लिहिले होते. जाळी ४०९६ गुणिले ४०९६ बिंदूंची होती आणि प्रत्येक तापमान डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे ८ बाइटमध्ये साठवलेले असल्यामुळे एक ॲरे सुमारे १३४ मेगाबाइटचा झाला होता. प्रत्येक पायरीला तो हा ॲरे कार्डावर पाठवत होता, कर्नल, म्हणजे कार्डावर चालणारे फंक्शन, चालवत होता आणि उत्तर परत सीपीयूच्या मेमरीत आणत होता.

आम्ही कागदावर हिशेब मांडला. जाऊन-येऊन २६८ मेगाबाइट होतात. त्याच्या मशीनवरील पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या सोळा लेनच्या जोडणीतून प्रत्यक्षात सेकंदाला १२ गीगाबाइटच्या आसपासच माहिती जाते, म्हणजे एका पायरीच्या नुसत्या ने-आणीला २२ मिलिसेकंद लागतात. त्याच्या व्ही१०० कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा वेग मात्र सेकंदाला ९०० गीगाबाइट आहे, त्यामुळे तोच ॲरे तेथल्या तेथे एकदा वाचून एकदा लिहायला ०.३ मिलिसेकंद पुरतात. कामापेक्षा हमाली सत्तर पट झाली होती. पाठवण्याची आणि आणण्याची ओळ लूपच्या बाहेर काढली, कार्डावर दोन ॲरे ठेवून प्रत्येक पायरीला त्यांची अदलाबदल केली आणि चित्र काढण्यापुरते दर हजार पायऱ्यांनी तापमान परत आणले. एक लाख पायऱ्यांना जेथे चाळीस मिनिटे जात होती, तेथे ते काम मिनिटभरात होऊ लागले. कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी एका पायरीला किती बाइट कोणत्या वाटेने जाणार, हा गुणाकार मी आजही हाताने करतो आणि नवशिक्यांनाही तो करायला लावतो.

दुसरी चूक मला अधिक अस्वस्थ करते, कारण तिच्यात प्रोग्राम वेगवान झाल्याचा भास होतो. एका संशोधकाने ब्लॉकचा, म्हणजे कार्डावर एकत्र चालणाऱ्या थ्रेडच्या (समांतर कामांच्या) गटाचा, आकार ३२ गुणिले ३२ वरून ६४ गुणिले ३२ केला आणि वेळ एकदम नगण्य झाली. आनंदाने आलेख काढले गेले. पण पत्र्याच्या मधला उष्ण डाग दहा हजार पायऱ्यांनंतरही जसाच्या तसा होता. एका ब्लॉकमध्ये १०२४ पेक्षा जास्त थ्रेड चालत नाहीत. २०४८ थ्रेड मागितल्यामुळे कुडाने (एनव्हिडियाच्या कार्डांवर प्रोग्राम चालवणाऱ्या प्रणालीने) कर्नल सुरूच केला नव्हता, आणि चूक तपासणारी एकही ओळ कोडमध्ये नसल्यामुळे प्रोग्राम निमूटपणे संपत होता. पत्र्याच्या कडा उष्णतारोधक मानल्या होत्या म्हणून एकूण उष्णता कायम राहते का, एवढीच चाचणी त्यांनी ठेवली होती. काहीच न चालल्यामुळे ती अर्थातच पास झाली. तेव्हापासून मी प्रत्येक कर्नलनंतर ‘कुडा गेट लास्ट एरर’ तपासतो, एकूण उष्णतेबरोबर कमाल तापमान उतरते आहे का हेही पाहतो, आणि छोट्या जाळीवर सीपीयूचे उत्तर शेजारी ठेवल्याशिवाय वेगाबद्दल बोलत नाही. ही तपासणी ‘नंतर घालू’ म्हणणाऱ्यांनी ती नंतर घातल्याचे मला क्वचितच दिसले आहे.

वेळ मोजतानाही हीच घाई नडते. कर्नलला हाक मारल्यावर सीपीयू काम संपण्याची वाट न पाहता पुढे जातो. म्हणून घड्याळ थांबवण्याआधी, कार्डाचे काम संपेपर्यंत थांबायला लावणारे ‘कुडा डिव्हाइस सिंक्रोनाइझ’ लिहिले नाही, तर मोजला जातो तो फक्त आज्ञा देण्याचा वेळ. सर्व्हरच्या मेमरीचा वेग सेकंदाला १०० गीगाबाइट आणि कार्डाचा ९०० असेल, तर उष्णतेच्या अशा गणितात साधारण नऊ पट फायद्याची अपेक्षा रास्त आहे. हजार पट दिसला तर मोजणीत चूक आहे.

गेमिंगच्या अलीकडच्या बऱ्याच कार्डांवर डबल प्रिसिजनचा वेग सिंगलच्या (४ बाइटच्या आकड्यांच्या) चौसष्टाव्या हिश्श्याइतकाच असतो, म्हणून सगळेच सिंगलमध्ये करण्याचा मोह होतो. परंतु सिंगलमध्ये १,६७,७७,२१६ मध्ये १ मिळवला तरी बेरीज तेवढीच राहते. म्हणून कणांच्या सिम्युलेशनमध्ये मी कणांमधील बले सिंगलमध्ये काढतो आणि बेरजा डबलमध्ये ठेवतो.

अनेक थ्रेड अॅटॉमिक पद्धतीने, म्हणजे एका वेळी एकच, एकाच जागी बेरीज करतात तेव्हा क्रम बदलतो आणि शेवटचे अंक दर वेळी थोडे वेगळे येतात; त्यामागे आठवडा घालवू नये. शेजारच्या थ्रेडने शेजारचाच पत्ता वाचावा, म्हणून सर्व कणांचे एक्स निर्देशांक एका ॲरेत आणि वाय दुसऱ्या ॲरेत ठेवावेत. फूरिए रूपांतर स्वतः लिहू नये, कारण त्यासाठी क्यूएफएफटी ही लायब्ररी तयार आहे.

आणि कर्नल लिहायला बसण्याआधी सीपीयूवरच्या प्रोग्रामवर प्रोफायलर, म्हणजे कोणत्या भागात किती वेळ जातो ते दाखवणारे साधन, चालवावा. एकूण वेळेचा दहावा हिस्सा फाइल लिहिण्यात जात असेल आणि तो तसाच राहणार असेल, तर उरलेले सगळे क्षणात संपले तरी एकूण वेग दहा पटींपलीकडे जाणार नाही, आणि त्या वेळी सुधारणेची पहिली जागा ती फाइलच असते.