खाडीकाठी इंटर्नशिपला निघालात? आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा

यंदा आपल्या विभागातून दोघी सिंधुदुर्गात चालल्या आहेत. जून-जुलै, कांदळवनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीतल्या, खेकड्यांची बिळं मोजायची. तेच काम करायला मागच्या वर्षी मी लातूरहून गेले होते आणि दुसऱ्याच आठवड्यात तिवराच्या फांदीवर साडेतीन तास बसून आले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितेय. छत्री, रेनकोट, आधारकार्ड, चार्जर हे तुम्ही घ्यालच, नाहीतर आई कोंबेलच बॅगेत.

तिथी छापलेलं कॅलेंडर घ्या. कालनिर्णय घ्या, दुसरं कुठलं घ्या, वाण्याने फुकट दिलेलं घ्या, पण तिथी हवी. भरतीची वेळ घड्याळावर ठरत नाही, चंद्रावर ठरते आणि रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या माणसांचा हिशोब सोपा आहे. त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. हीच वेळ दिवसा आणि हीच रात्री, आणि त्यानंतर सहाएक तासांनी पूर्ण ओहोटी. (तिकडे ओहोटीला सुकती म्हणतात. मी दोन दिवस मासे सुकवण्याबद्दल चाललंय असं समजत होते.) अमावास्येपुढे 30 छापलेलं असतं, तिथे 15च धरायचे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, खाडीत आत गेलं की भरती आणखी उशिरा पोचते, पण जीव वाचायला एवढा हिशोब पुरतो.

फोनवर वेळा दिसतात की, असं म्हणाल. मीही म्हणाले होते. पहिला जोराचा पाऊस झाला, वीज गेली, रेंज गेली आणि फोन टॉर्च म्हणून वापरायचा उरला. म्हणून कॅलेंडर. कागदाचं.

माझं काय चुकलं ते एकदा नीट सांगते. पहिल्यांदा कांदळवनात उतरलो त्या दिवशी अष्टमी होती. दहाला उतरलो, दोनला बाहेर, मधल्या वेळात पाणी जेमतेम हललं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाण्याचा चढउतारच कमी, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुपारी ओहोटी असते एवढं डोक्यात पक्कं बसलं. पुढच्या आठवड्यात एकटीच गेले. लवकर सुरू केलं की लवकर उरकेल म्हणून सकाळी आठला. वाटेत बायका नऊवारी नेसून, ताटं घेऊन वडाकडे चाललेल्या दिसल्या. वटपौर्णिमा! डोळ्यांनी पाहिलं, पण पाऊणपट केली नाही. पौर्णिमेला आणि अमावास्येला उधाण असतं आणि भरतीच्या मधल्या दोन तासांत पाणी सगळ्यात वेगाने चढतं. मी नेमकी त्याच दोन तासांत चिखलात बसून बिळं मोजत होते. पाणी समोरून येईल म्हणून अधूनमधून खाडीकडे बघायचे. ते आलं मागून, ज्या ओहोळातून मी आत शिरले होते त्यातूनच. नऊला कमरेएवढं झालं. मोजणीची चौकट आणि नोंदींचे कागद वाहून गेले, मी तिवरावर. साडेबाराला एका होडीवाल्या काकांनी उतरवलं. रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "आज पुनव गो, बघूक नाय?"

2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी यायचं तेव्हा मी शाळेत होते. पाण्याची वाट बघायची एवढंच मला माहीत. पाणी वेळ ठरवून आपल्या मागावर येतं, हे आपल्याकडच्या माणसाच्या डोक्यातच नसतं. तुमच्याही नसणार. म्हणून रोज सकाळी दात घासण्याआधी तिथी बघा, पाऊणपट करा, हातावर पेनाने लिहा. पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी उतरायचं, पूर्ण ओहोटी झाली की तासाभरात बाहेर. एकटीने नाही.

आता पायात काय. गमबूट नको. चिखल आत धरतो, पाय वर येतो, बूट खालीच राहतो. अनवाणीही नको, तिवराची श्वासमुळं खिळ्यांसारखी उभी असतात आणि दगडाला चिकटलेली कालवं पात्यासारखी कापतात. जुने कॅनव्हासचे बूट, नाडी घोट्याभोवती घट्ट. पाय कापलाच तर धुवून, औषध लावून, बरा होईपर्यंत चिखलात आणि भातखाचरात जाऊ नका. तिकडे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो, उंदराच्या मुतामुळे पाण्यातून पसरतो. ताप आला की घरी क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, सरकारी दवाखान्यात जाऊन कुठे काम करता ते सांगायचं.

सड्यावर, कातळावर फुरसं, म्हणजे विषारी साप, असतं. वीतभर वाटेल, विष तेवढंसं लहान नाही. अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका, बूट झाडून घाला.

जीन्स नेऊ नका, आठवडाभर वाळत नाही. लातूरला वर्षात सातशे-आठशे मिलिमीटर पडतो, तिकडे तीन हजारांच्या पुढे. चामड्याच्या पट्ट्यावर चौथ्या दिवशी हिरवी बुरशी आली. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, नोंदी पेन्सिलीने. शाई पसरते.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा पापलेटची स्वप्नं बघू नका. सुकट आवडून घ्या. समुद्रात या दिवसांत उतरायचंच नाही, पायसुद्धा भिजवायचे नाहीत, फोटोसाठी तर मुळीच नाही.

भाषा कळत नाही म्हणून गप्प बसू नका. विचारा. पहिला प्रश्न, आज तिथी काय.

परतीचं तिकीट आधी काढा. कोकण रेल्वेचं पावसाळ्यातलं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालतात, पुढची गाडी चुकेल असं धरूनच चाला. बाकी बिस्किटं, ओडोमॉस वगैरे तिकडे मिळतं. कॅलेंडरही मिळतं म्हणा, मी त्या वटपौर्णिमेनंतर बाजारातून अर्ध्या किमतीत आणलं. ते अजून त्या खोलीत खिळ्याला असेल. पण ते मागच्या वर्षीचं आहे, त्याच्या तिथ्या यंदा चालणार नाहीत. यंदाचं न्या.