आजोबांची बंदूक विकण्याआधी

घरात आजोबांची परवान्याची बंदूक असेल आणि ती विकायचं मनात आलं असेल, तर आधी माझं ऐका. मी २०२० मध्ये विकली. तेव्हापासून दर खंडेनवमीला कोयता, कुदळ, नांगराचा फाळ मांडून झेंडूची फुलं वाहिली की भिंतीकडची तिची जागा मोकळी दिसते. तिथं दुसरं काही ठेवायला हात धजत नाही.

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वाटेवर. भाताची शेती, आणि शेताच्या मागं लगेच रान. मी हायस्कूलला मास्तर होतो. १९९४ मध्ये वडील गेले आणि तीन हत्यारं माझ्या परवान्यावर आली: वडिलांची इशापूरची .३१५ रायफल, रानडुकरांसाठी घेतलेली देशी सिंगल बॅरल, आणि आजोबांची विलायती बारा बोअर (हे नळीचं माप) डबल बॅरल. १९४७ साली बेळगावच्या कॅम्पातला एक साहेब विलायतेला परत जाताना आजोबांना विकून गेला, एवढंच आम्हाला माहीत होतं.

२०१९ च्या डिसेंबरमध्ये शस्त्र कायदा बदलला. एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं, आणि जादाचं वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. मध्येच लॉकडाऊन आलं. धाकट्या भावाच्या उसाचं बिल अडकलं होतं, घरात पैशाची ओढाताण होती. रायफल वडिलांची, सिंगल बॅरल वापरातली, मग जुनीच देऊ असं ठरलं. विक्रेत्यानं पाच मिनिटं बघितली, नळीवर डाग आहेत म्हणाला, ३८ हजार सांगितले. मी हो म्हटलं. निघताना तिचा एक फोटोसुद्धा काढला नाही.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो.

पहिलं काम, बंदूक मोकळी आहे याची खात्री. वरची कळ बाजूला सारून नळी बिजागरीवर खाली वाकवा आणि काडतुसाच्या दोन्ही घरांत डोळ्यानं बघा. ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायची असेल तर नळीत गज सोडून आत बार राहिलाय का ते जाणकाराकडूनच तपासून घ्या. पन्नास वर्षं माळ्यावर पडलेल्या बंदुकीत बार भरलेला असू शकतो. आणि 'चालते का बघू' म्हणून कुणालाही ती उडवू देऊ नका.

दुसरं, कागद. जुन्या परवान्याची पुस्तिका शोधा, ट्रंकेच्या तळाशी असेल. आमच्याकडच्या पुस्तिका वाचण्यासारख्या असतात. आजोबांच्या पुस्तिकेवर पहिले शिक्के मुंबई सरकारचे, १९५६ नंतरचे म्हैसूरचे आणि १९७३ नंतरचे कर्नाटकाचे. बंदूक एकाच खुंटीला आणि सरकारं तीन. त्यामुळे नावं जुळत नाहीत. मराठी कागदावर एक आडनाव, कन्नड कागदावर दुसरंच, इंग्रजीत तिसरं. कारकून तिथंच अडवतो. विकायचं असो वा ठेवायचं असो, आधी परवान्यावरचं नाव, आधार आणि सातबाराच्या जागी आपल्याकडं जो आर.टी.सी. उतारा मिळतो त्यावरचं नाव एक करून घ्या. कन्नड वाचता येत नसेल तर वाचणारा सोबत न्या आणि अर्जाची प्रत्येक ओळ समजून घेऊन मगच सही करा. बंदुकीवरचा नंबर आणि पुस्तिकेतला नंबर स्वतः ताडून बघा. नोंद करताना आकडा उलटासुलटा झाल्याचं मी दोन घरांत पाहिलंय.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं. हे मला २०२० मध्ये कुणी सांगितलं असतं तर ही बंदूक आज घरात असती. २०१६ च्या शस्त्र नियमांत पंचविसावा नियम आहे. परवानाधारक वारला की वारसाला परवाना मिळू शकतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण परवानाधारक हयात असतानाही, त्याला सत्तर वर्षं झाली किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे राहिलं, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो सांगेल त्या कायदेशीर वारसाच्या नावानं परवाना मागता येतो. १९९४ मध्ये पंचवीस मिळवा. २०१९ येतं. म्हणजे ज्या महिन्यात तिसरं हत्यार सोडायची वेळ आली, तेव्हा माझी पंचवीस वर्षं भरलेली होती आणि घरात सत्तावीस वर्षांची मुलगी होती. परवान्याला एकवीस पूर्ण लागतात. तिच्या नावानं अर्ज करायचा होता, बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र जोडायचं होतं. मुलीचं नाव माझ्या डोक्यातच आलं नाही. बंदूक म्हणजे मुलग्याची, आणि मुलगा बेंगळुरूला, त्याला नको, इथंच माझा विचार संपला. तिला नंतर कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अण्णा, मला विचारायचं तरी होतं."

घरातल्या सगळ्यांना विचारा. लेकींना, सुनांना, पुतण्यांना. कोण हो म्हणेल ते आधी सांगता येत नाही.

वारसाचा निर्णय होईपर्यंत वेळ हवा असेल तर हत्यार परवानाधारक विक्रेत्याकडे ठेव म्हणून जमा करता येतं. कायद्याच्या २१ व्या कलमात ती सोय आहे. पावतीवर 'ठेव' असं लिहून घ्या, 'विक्री' नव्हे. तारीख, नंबर, भाडं आणि किती दिवसांत सोडवायचं ते पावतीवर असलं पाहिजे. मुदतीचं विसरलात तर वस्तू सरकारजमा होऊ शकते.

ठासणीच्या किंवा तोड्याच्या (पेटत्या वातीनं उडणाऱ्या) बंदुकीची गोष्ट थोडी निराळी. जुन्या घाटाची किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेली, पण दुरुस्त करूनही उडणार नाही अशी बंदूक ४५ व्या कलमानं कायद्याच्या बाहेर राहते. पण हे आपण घरी बसून ठरवायचं नाही. अधिकाऱ्यांकडून तपासून लेखी घ्या. आणि कुणाच्या सांगण्यावरून वर्कशॉपात नेऊन नळी कापू नका, वेल्डिंग करू नका. परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा गुन्हा आहे, शिवाय दोनशे वर्षांची वस्तू पाच मिनिटांत भंगार होते.

आता बंदूक ओळखायची कशी. दिवसाच्या उजेडात पांढऱ्या चादरीवर ठेवा. नळीखालचं पुढचं लाकूड काढलं की नळी वेगळी होते आणि नळीच्या खालच्या सपाट भागावर बारीक ठसे दिसतात. खरी कुंडली तिथं असते. दोन नळ्यांमधल्या वरच्या पट्टीवरचं नाव पुष्कळदा दुकानाचं असतं, कारागिराचं नव्हे. मुकुट आणि त्याखाली बीपी, बीव्ही अशी अक्षरं म्हणजे बर्मिंगहॅमच्या, बंदुकांच्या नळ्या तपासणाऱ्या परीक्षागृहाचा १९०४ नंतरचा ठसा. त्यासोबत एनपी असेल तर ती नळी बिनधुराच्या, म्हणजे आजच्या काडतुसांतल्या दारूसाठी तपासलेली आहे. त्याआधी मुकुट आणि फुलीसारखे दोन राजदंड असत. 'नॉट फॉर बॉल' (एकसंध गोळीसाठी नव्हे) अशी अक्षरं असतील तर बंदूक १८७५ ते १८८७ या बारा वर्षांतली आहे.

नळीवर लाकडाच्या रेषांसारखी किंवा पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसली तर ते डाग नव्हेत. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, एकजीव करून बनवलेली ती दमास्कस नळी. तिला पॉलिश पेपर लावू नका, निकेल चढवू नका, दस्त्यावर वॉर्निश फासू नका. मऊ फडक्यानं हलकं तेल, बस्स. अशा नळीवर एनपीचा ठसा नसेल तर आजचं काडतूस तिच्यात घालायचंच नाही, नळी फाटून हात जाऊ शकतो.

प्रत्येक ठशाचा फोटो काढा, नळीची लांबी मोजा, नंबर वहीत उतरवा. नंबराचा फोटो मोबाईलवरून कुणाला पाठवत बसू नका. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर बसा आणि बंदुकीची हकीकत त्याच्या आवाजात रेकॉर्ड करा. कुणाकडून घेतली, कितीला, कार्तिकात शेतातल्या माळ्यावर राखणीला कोण बसायचं, १९७२ मध्ये वन्यजीव कायदा आला तेव्हा शिकार कशी थांबली. माझी आत्या २०२१ मध्ये गेली. साहेबाचं नाव तिला ठाऊक होतं.

एवढं करूनही विकावीच लागली तर विका, त्यात पाप नाही. पण भाव तीन ठिकाणी विचारा. परदेशी बंदुकांची आयात सामान्य माणसासाठी १९८० च्या दशकात बंद झाली, त्यामुळे नाव असलेली जुनी विलायती बंदूक इथं पुन्हा येत नाही, हे घेणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. परवानाधारकालाच विकायची, आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह लेखी कळवून ४५ दिवस जाऊ द्यायचे. हे पंचेचाळीस दिवस ओझं समजू नका. रात्री झोप लागत नसेल तर याच दिवसांत माघार घ्या. बंदूक शंभर वर्षांवरची असेल तर परदेशी पाठवण्याचा विचारही नको, १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं ते बंद आहे.

आणि माझ्यासारखी विकून बसला असाल तर? शोधा. परवान्याच्या विक्रेत्याला प्रत्येक हत्याराची नोंद ठेवावी लागते. मी विक्रीची पावती घेऊन गेलो, रागावलो नाही, भांडलो नाही. पत्ता मागितला नाही. माझा नंबर आणि दोन ओळींची चिठ्ठी दिली, ज्यांच्याकडे बंदूक गेली त्यांना पोचवा म्हटलं. सात महिन्यांनी गडहिंग्लजकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला.

"मास्तर, इकणार न्हाई. पण बघायला या की कवाबी."

गेलो. चहा झाल्यावर त्यांनी ती चादरीवर ठेवली आणि पुढचं लाकूड काढलं. खाली 'नॉट फॉर बॉल'. वरच्या पट्टीवर भिंगातून वाचलं, आर्मी अँड नेव्ही, १०५ व्हिक्टोरिया स्ट्रीट. मुंबईत काळा घोड्याला इमारत आहे, त्याच कंपनीचं लंडनचं दुकान. म्हणजे साहेबानं आजोबांना दिली तेव्हाच ती निदान साठ वर्षांची होती. आणि विक्रेता ज्याला डाग म्हणाला, आणि मीही ज्याला डाग समजलो, ती दमास्कसची लहर होती. आजोबांनी तिच्यातून बाजारातली काडतुसं उडवली होती. नळी शाबूत राहिली हे आमचं नशीब.

मी वही काढून सगळं उतरवून घेतलं, फोटो काढले, आणि माझ्याकडचा १९८७ च्या खंडेनवमीचा फोटो त्यांना दिला. त्यात ती झेंडूच्या हारात आहे, शेजारी आजोबा. त्यांनी तो बंदुकीच्या कागदांतच ठेवला. अशी भेट झाली तर विनवण्या करू नका, जास्त पैशाचं आमिष दाखवू नका. एकच मागा, कधी विकायची झाली तर पहिला फोन मला. त्यांनी कबूल केलंय.

फोन आला तर परवान्यावर जागा रिकामी हवी, दोनच्या वर तिसरी बसत नाही. म्हणून वडिलांची रायफल मी मुलीच्या नावानं करतोय. पंचविसाव्या नियमाखालचा अर्ज गेलाय, भावाचं आणि मुलग्याचं प्रतिज्ञापत्र जोडलंय, तिन्ही कागदांवर आडनाव एकच आहे. पोलीस चौकशीला हवालदार येऊन गेला. पुढच्या सोमवारी मुलगी आणि मी डीसी ऑफिसला, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात जाणार आहोत.