एक्झिस्ट-डीबी: लुसीन शोध रिकामा येत होता, त्यावरचा उपाय

लक्षण: एक्झिस्ट-डीबी या एक्सएमएल डेटाबेसमध्ये, टीईआयमध्ये (मजकूर टॅग करण्याची एक एक्सएमएल पद्धत) टॅग केलेल्या जुन्या पत्रांवर 'एफटी:क्वेरी' (लुसीन या शोध-इंजिनाने शोधणारं फंक्शन) चालवली की निकाल 0, एररही नाही. तोच शब्द 'कंटेन्स'ने (इंडेक्सशिवाय थेट मजकुरात शोधणारं फंक्शन) मात्र सापडत होता, म्हणजे मजकूर आणि क्वेरीतला पाथ दोन्ही बरोबर होते.

सर्व्हर रीस्टार्ट केला, फाइली पुन्हा चढवल्या, अ‍ॅनालायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) बदलला. तीन संध्याकाळी यातच गेल्या.

इंडेक्स (शोधासाठी आधीच केलेली शब्दांची सूची) तयारच झालेला नव्हता, आणि इंडेक्स नसला की 'एफटी:क्वेरी' गुपचूप रिकामा निकाल देते. जे लागू पडलं ते याच क्रमाने करा:

आधी 'कलेक्शन.एक्सकॉन्फ' (इंडेक्स कशाचा करायचा ते सांगणारी फाइल) कुठे आहे ते पाहा. मी ती डेटाच्या कलेक्शनमध्येच (डेटाबेसमधलं फोल्डर) ठेवली होती. तिथे ती वाचली जात नाही. डेटा '/डीबी/पत्रे'मध्ये असेल, तर ती '/डीबी/सिस्टिम/कॉन्फिग/डीबी/पत्रे'मध्ये हवी.

मग तिच्यातल्या 'इंडेक्स' एलिमेंटवर टीईआयची नेमस्पेस (टॅग कोणत्या पद्धतीचा ते सांगणारं नाव) जाहीर करा आणि लुसीनच्या 'टेक्स्ट'मध्ये क्यूनेम (इंडेक्स करायच्या टॅगचं नाव) नुसतं 'पी' (परिच्छेदाचा टॅग) न ठेवता 'टीईआय:पी' लिहा. नुसतं 'पी' म्हणजे नेमस्पेस नसलेला 'पी', आणि तसा एकही टीईआय फाइलीत नसतो.

शेवटी अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन करून 'एक्सएमएलडीबी:रीइंडेक्स' डेटाच्या कलेक्शनवर चालवा. ही पायरी गाळू नका: कॉन्फिग बदलल्याने आधीच्या फाइली आपोआप इंडेक्स होत नाहीत. 'ट्रू' आलं की तीच क्वेरी पुन्हा चालवा.