किटचं रॉकेट सरळ वर जायला हवं असेल तर

किट उघडल्या उघडल्या फेविक्विक काढू नका, बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) फिन्सना, म्हणजे शेपटीच्या पंखांना, साधा फेविकॉलच बरा. फिनच्या कडेला फेविकॉलचा पातळ थर लावायचा, फिन रॉकेटच्या ट्यूबवर टेकवून लगेच काढायचा, मिनिटभर सुकू द्यायचा आणि मग परत फेविकॉल लावून फिन दाबायचा, हा जोड सहजी निघत नाही. फक्त आपल्या ऐरोली-वाशीच्या दमट हवेत रात्रभर तरी हात लावू नका, फिन वाकडा बसला तर रॉकेट भेलकांडणारच.

मग बॅलन्स. मोटर (म्हणजे रॉकेटचं इंजिन), पॅराशूट सगळं भरून जिथे ते आडवं समतोल राहतं तिथे दोरा टेपने पक्का करा आणि गरगर फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर पास, नाहीतर नाकात थोडी क्ले भरा. ही टेस्ट लोक कंटाळा करून सोडतात, का ते देव जाणे.

मोटरवर सी६-५ लिहिलेलं असेल तर सी म्हणजे मोटरचा एकूण जोर (इम्पल्स) ५ ते १० न्यूटन-सेकंद, ६ म्हणजे सरासरी थ्रस्ट (ढकलण्याचं बल) न्यूटनमध्ये आणि ५ म्हणजे इंधन संपल्यावर ५ सेकंदांनी पॅराशूट बाहेर. पॅराशूटखाली न जळणारा कागद भरायचाच, नाहीतर प्लास्टिक वितळून गोळा होतो.

मोटरमध्ये बंदुकीची दारूच असते, त्यामुळे आधी परवानगीचं बघा. उलवे-पनवेलकडे विमानतळ आहे, तिकडे नकोच, आणि खाडीकडे वारा असेल तर रॉकेट खारफुटीत गेलं समजा. सोडताना किमान ५ मीटर लांब. पेटलं नाही तर मोटर पेटवायची बॅटरी काढा आणि पूर्ण मिनिटभर जवळ जाऊ नका.