लेस्टरचं अंगण, सांगलीतून भाव: फोटो आणि नकाशावरून सफाईच्या कामाचा दर कसा काढावा

माझे दाजी इंग्लंडात लेस्टरला ड्राइव्हवे आणि पॅटिओ धुऊन देण्याचं काम करतात. ड्राइव्हवे म्हणजे घरापुढची गाडी लावायची फरसबंद जागा, पॅटिओ म्हणजे मागच्या दारचं फरसबंद अंगण. जोराने पाण्याचा फवारा मारणारं मशीन, पाइप आणि वाळूची पोती घेऊन ते व्हॅनने फिरतात. गिऱ्हाइकाला द्यायचा भाव मात्र मी सांगलीत बसून काढते. जागा न बघता भाव सांगायचा असेल तर आधी सांधे बघा, क्षेत्रफळ नंतर. नवखा माणूस चौरस मीटर मोजतो, दराने गुणतो आणि मोकळा होतो. खरा वेळ आणि खरा पैसा सांध्यात, म्हणजे दोन विटांमधल्या फटीत जातो: धुताना तिथली वाळू निघते आणि ती परत भरावी लागते.

आधी फोटो मागवा, आकडा नंतर सांगा

गिऱ्हाईक पहिल्याच निरोपात "अंदाजे किती होतील?" असं विचारतं. तेव्हा आकडा देऊ नका, कारण तोच त्याच्या डोक्यात बसतो. पाच फोटो मागा: रस्त्यावरून एक, वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली बघत एक, बाजूच्या फाटकाचा एक, बाहेरच्या नळाचा आणि गटाराच्या जाळीचा एक, आणि एक अगदी जवळून. जवळच्या फोटोत सांध्यावर एक पाउंडाचं नाणं ठेवायला सांगा. ते सुमारे 23 मिलिमीटर रुंद असतं, त्यामुळे शेवाळाचा थर किती जाड आहे आणि फट किती रिकामी झाली आहे ते लगेच कळतं. जमीन कोरडी असतानाच फोटो काढायला सांगा. ओली फरशी सगळीकडे सारखीच काळी दिसते.

क्षेत्रफळ दोन वाटांनी काढा

पहिली वाट गूगल अर्थची. मोजपट्टी घेऊन कडेकडेने बिंदू टाकत गेलं की आकृती बंद होताच क्षेत्रफळ मिळतं. तिथे चित्राची तारीखही दिसते, ती न चुकता वाचा. एकदा मी ती वाचली नाही. चित्र जुनं होतं, मालकाने नंतर पॅटिओ वाढवला होता आणि दाजींना त्याच पैशात अर्धा दिवस जास्त राबावं लागलं. झाडाखालची आणि छपराच्या पुढे आलेल्या कडेखालची जागाही वरून दिसत नाही.

म्हणून दुसरी वाट विटांची. तिकडच्या ड्राइव्हवेत सर्रास दिसणारी ब्लॉक पेव्हिंगची वीट 200 बाय 100 मिलिमीटरची असते. मधली नक्षी तिरकी असेल तर ती मोजायच्या फंदात पडू नका, कडेची सरळ ओळ मोजा. समजा रुंदीला 26 विटा लांबीने लागल्या आहेत, म्हणजे 5.2 मीटर; लांबीला 55, म्हणजे 11 मीटर. क्षेत्रफळ 57.2 चौरस मीटर. नकाशाने 58 दाखवलं असेल तर निर्धास्त पुढे जा. दोन्हींत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर मालकालाच टेप लावायला सांगा, त्यात संकोच नको.

फरशी कसली आहे?

मशीनचा जोर सगळ्याच फरशीला मानवत नाही. पॅटिओत बऱ्याचदा आपल्याच राजस्थानातला वालुकाश्म निघतो, 'कांडला ग्रे', 'राज ग्रीन' अशा नावांनी तिकडे विकलेला. जास्त दाबाने त्याचे पापुद्रे सुटतात. त्यावरचे काळे ठिपके म्हणजे दगडफूल. ते नुसत्या पाण्याने जात नाही, औषध मारून थांबावं लागतं. चुनखडीच्या दगडावर आम्लाचं औषध चालत नाही, दगडच खाल्ला जातो. डांबरावर जोर लावला तर खडी उखडते. आणि पाणी झिरपण्यासाठी मुद्दाम बसवलेले ब्लॉक असतील तर त्यांच्या सांध्यांत बारीक वाळू कधीच भरायची नाही, तिथे खडीच हवी. हे मालकाला विचारूनच घ्यावं लागतं.

सावलीही बघा. नकाशात उत्तर वर असते. अंगण घराच्या उत्तरेला असेल तर दिवसाचा बराच वेळ त्यावर घराचीच सावली असते आणि शेवाळ दाट असतं.

पाणी आणि वाट

मालकाला दहा लिटरची बादली बाहेरच्या नळाखाली ठेवून वेळ मोजायला सांगा. 50 सेकंदांत भरली तर मिनिटाला 12 लिटर. मशीन 15 लिटर ओढत असेल तर टाकी सोबत न्यावी लागते. ओळीतल्या मधल्या घराला मागून वाट नसली तर पाइप घरातूनच न्यायचा, म्हणजे गालिचे झाकण्याचा वेळ वाढला.

हिशेब

खालचे दर नुसते रीत दाखवण्यासाठी आहेत, तुमचे तुम्ही घाला. 58 चौरस मीटर, धुण्याचे मीटरला 3 पाउंड, म्हणजे 174. भट्टीत वाळवलेल्या वाळूचं 25 किलोचं पोतं धुतलेल्या जागेवर मी 5 मीटरला एक धरते: 12 पोती, 6 पाउंडांप्रमाणे 72. वाळू कोरड्या सांध्यातच उतरते, म्हणून दुसऱ्या दिवशी परत जाणं आलं, त्याचे 60. एकूण 306. त्यातले 132 सांध्यांचे. नुसत्या मीटरवर भाव दिला असता तर हे दाजींच्या खिशातून गेले असते. बारा मीटरचा छोटा पॅटिओ या दराने 36 पाउंडांत बसतो, पण तेवढ्यात व्हॅनमधून मशीन उतरवणंही परवडत नाही. तेव्हा कमीत कमी रक्कम आधीच ठरवून ठेवा.

लेखी देताना

तिकडे 'कोट' म्हणजे पक्का भाव आणि 'एस्टिमेट' म्हणजे अंदाज. जे फोटोत दिसलंच नाही त्यावर पक्का शब्द देऊ नका. "कुंड्यांखालची जागा बघितलेली नाही, तेलाचे डाग फिके होतील पण पूर्ण जातीलच असं नाही" हे लिहूनच द्या. वर्षाची उलाढाल 90,000 पाउंडांवर गेली की व्हॅटची नोंदणी लागते. नोंदणी असेल तर 20 टक्के व्हॅट धरूनच आकडा सांगा. शिवाय न भेटता, फोनवर किंवा ईमेलवर ठरलेल्या कामात तिकडच्या 2013 च्या ग्राहक-करारांच्या नियमांप्रमाणे ग्राहकाला 14 दिवसांत माघार घेता येते. त्याआधी काम सुरू करायचं असेल तर "मुदतीआधी सुरू करा" असं त्याच्याकडून लेखी घ्या.

काम झालं की मी दाजींना दोनच गोष्टी विचारते: तास किती लागले आणि पोती किती गेली. वहीत माझ्या अंदाजाशेजारी ते लिहून ठेवते, आणि पुढचा भाव काढायला बसते तेव्हा आधी ते पान उघडते.