उघड्या समुद्रावर सीप्लेन उतरवावं लागलं तर

विमान पाण्यावर सुखरूप टेकलं म्हणजे सुटलो, असं मुळीच नाही. २६ ऑक्टोबर १९२९ रोजी भारताच्या हवाई मार्गावरचं टपाल घेऊन निघालेली 'सिटी ऑफ रोम' ही उडती बोट (बोटीसारख्या बुडाचं, पाण्यावर उतरणारं विमान) इटलीच्या स्पेझियाजवळ उघड्या समुद्रात उतरली. तिला ओढून नेण्याची धडपड झाली, पण वादळात रात्री ती बुडाली आणि सातही जण गेले. म्हणून तयारी टेकल्यानंतरच्या तासांचीही हवी.

इंजिन अडखळताच आधी रेडिओवरून आपलं ठिकाण कळवा. जुन्या विमानांची रेडिओची तार खाली लोंबत असे आणि पाण्यावर टेकल्यावर तिचा उपयोग उरत नसे. ७ डिसेंबर १९३६ रोजी मेरमोझ या फ्रेंच टपाल-वैमानिकाच्या विमानाकडून 'उजवं मागचं इंजिन बंद करतोय' एवढाच निरोप आला, मग शांतता. विमान सापडलं नाही.

जहाज दिसत असेल तर त्याच्या जवळच उतरा. जुलै १९३० मध्ये ऑइल गळायला लागल्यावर मेरमोझने 'फोसे' जहाजाजवळ विमान टेकवलं. विमान बुडालं, पण माणसं आणि टपाल वाचलं.

लांब, मोठ्या लाटा असतील तर त्यांच्या माथ्याला समांतर उतरा, थोडा आडवा वारा सोसा. लाटेच्या चढाला नाक भिडलं तर फ्लोटचे, म्हणजे विमानाला पाण्यावर तरंगवणाऱ्या खालच्या पोकळ तरंगत्यांचे, दांडे मोडतात. वारा फारच जोराचा, साधारण ३५ नॉटच्या (ताशी सुमारे ६५ किलोमीटर) वर असेल, तर मात्र वाऱ्याकडे तोंड. पाणी आरशासारखं स्थिर असेल तर उंचीचा अंदाज चुकतो, आणि हे वादळाइतकंच घातक. अशा वेळी टेकताना नाक जितकं वर हवं तितकं आधीच धरा, थोडी पॉवर ठेवा आणि मिनिटाला १५० फुटांपेक्षा कमी वेगाने खाली या. 'आता टेकेल' म्हणून मध्येच नाक आणखी उचलू नका.

टेकल्यावर इंजिन बंद करून तरता नांगर सोडा. हा कॅनव्हासचा शंकू. त्याचं रुंद तोंड विमानाकडे. दोन्ही फ्लोटच्या नाकांना बांधलेल्या दोरीच्या फासातून तो ओढला जावा, म्हणजे विमान वाऱ्याकडे तोंड करून राहतं. दोरी इतकी लांब ठेवा की विमान आणि नांगर एकाच वेळी लाटांच्या माथ्यावर येतील, नाहीतर झटक्याने दोरी तुटते.

मग फ्लोटचे कप्पे एकेक करून हातपंपाने उपसा आणि किती ठोके लागले ते लिहून ठेवा. पुढच्या फेरीला ज्याचे ठोके वाढले, तो कप्पा गळतोय. जड सामान त्याच्यापासून दूर हलवा.

मदत आली की आधी माणसं जहाजावर, मग टपाल, आणि त्यानंतरच ओढायचा विचार. तराफा आणि जॅकेट दारापाशी बांधलेलं असावं, टपालाच्या पोत्यांखाली कधीच नाही. २१ जानेवारी १९३९ रोजी कार्बोरेटरमध्ये बर्फ साचून 'कॅव्हेलियर' ही उडती बोट न्यूयॉर्क-बर्म्युडा मार्गावर समुद्रात उतरली, तेव्हा तिच्यात तराफा नव्हता. दहा जण सुमारे दहा तास पाण्यात तरंगत राहून वाचले, बाकीचे तिघे गेले.