वर्माचं वर्म

आमच्या लॅबमध्ये सी. एलेगन्सला गोलकृमी कुणीच म्हणत नाही, सगळे वर्म म्हणतात. लांबी जेमतेम १ मिलिमीटर, अंग काचेसारखं पारदर्शक, चेतापेशी मोजून ३०२. एवढ्याशा जिवात अवघड ते काय असणार, असं नव्याने आल्यावर मलाही वाटलं होतं.

पहिलं काम मिळालं अल्डिकार्बचं. चेतापेशी स्नायूला आखडायला सांगतात ते असिटिलकोलीन नावाच्या रसायनाने. हे कीटकनाशक ते मोडणारं एन्झाइम बंद पाडतं. मग असिटिलकोलीन साचत जातं, स्नायू आखडतात आणि वर्म जागच्या जागी थिजतो. ज्याच्या चेतापेशींतून ते कमी सुटतं, तो जास्त वेळ तग धरतो. (हातमोजे घालाच, हे विष माणसालाही सोडत नाही.) प्लेटवर पंचवीसेक वर्म ठेवायचे, दर अर्ध्या तासाने प्लॅटिनमच्या तारेने डिवचायचं, हलतो का बघायचं.

माझा एक म्युटंट, म्हणजे जनुक बिघडलेला वर्म, साध्या वर्मांच्या बराच आधी थिजला. मी वहीत ठोकून दिलं, 'असिटिलकोलीन वाढलं.' सीनियर ताईने वाचलं, बोलली काहीच नाही. टूथपिकला चिकटवलेला पापणीचा केस घेतला आणि औषध नसलेल्या प्लेटवर त्याच म्युटंटच्या डोक्याला हळूच लावला. साधा वर्म अशा वेळी नागमोडी मागे सरकतो. हा पेटीच्या भात्यासारखा आखूड झाला!

तो अन्क-२५ होता. हे जनुक बिघडलं की ग्लुटामेटपासून गाबा हे स्नायू सैल सोडायला लावणारं रसायन तयारच होत नाही. वळताना एका बाजूचा स्नायू आखडला की समोरचा सैल सोडायला गाबा लागतो. तो नाही, म्हणून दोन्ही बाजू एकदम आवळल्या. असिटिलकोलीन वाढलेलं नव्हतंच, त्याला आवरणारं कुणी उरलं नव्हतं.

उलट बाजूलाही हीच गंमत. असिटिलकोलीन बनवतं चा-१ हे जनुक, चेतापेशीतल्या बारीक पुड्यांत ते भरतं अन्क-१७, आणि पुडीतूनच ते बाहेर सुटतं. दोघांपैकी कुणीही बिघडलं तरी वर्म अल्डिकार्बला दाद देत नाही. पण अन्क-१७ मध्ये माल तयार असतो, फक्त पुडीत जात नाही. मग 'पातळी घटली' कसं लिहिणार? म्हणून जोडीला लेव्हॅमिसोल हे दुसरं औषध लावा. ते चेतापेशींना वगळून थेट स्नायूवरच्या ग्राहींवर, म्हणजे असिटिलकोलीन जिथे बसतं तिथेच, बसतं. वर्म दोन्ही औषधांना पुरून उरला, तर आधी स्नायूकडे बघा.

आणि प्लेटवर स्ट्रेनचं, म्हणजे वर्माच्या वाणाचं, नाव लिहून मोजायला बसू नका. शेजारच्याकडून नुसते आकडे टाकून घ्या. नाव दिसलं की हवा तो निकाल येईपर्यंत आपण वर्माला डिवचत राहतो. मी राहिलोय.